टांगलेल्या बदकाचा हिशेब

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये कंदील, ड्रॅगन आणि भेटवस्तूंची दुकाने आहेत ती ग्रँट अ‍ॅव्हेन्यूवर. शेजारचा स्टॉकटन स्ट्रीट मात्र भाजी, मासळी आणि रोजच्या बाजाराचा. या रस्त्यावर, तसेच शहराच्या पश्चिमेकडच्या क्लेमेंट स्ट्रीटवर, एका ठरावीक घडणीची खाण्याची दुकाने दिसतात. दर्शनी काचेमागे आकड्यांना टांगलेली तकतकीत तपकिरी बदके, त्यांच्या शेजारी डुकराच्या मांसाच्या लालसर पट्ट्या, कुरकुरीत सालीचा एखादा मोठा तुकडा आणि सोया सॉसमध्ये शिजवलेल्या कोंबड्या. बाजूला वाफाळत्या थाळ्यांची चळत, त्यांत डिमसम, म्हणजे वाफवलेले किंवा तळलेले छोटे छोटे पदार्थ. बसायला जागा नसते किंवा नावापुरती असते, पुष्कळ ठिकाणी रोख पैसेच चालतात, आणि माल डब्यात भरून हातात दिला की व्यवहार संपतो. त्याच शहरात टेबलावर बसून डिमसम खायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या लहानशा भागात इथे पोट भरते. एवढे स्वस्त म्हणजे मालात किंवा कसबात काहीतरी कमी असणार, असा तर्क बहुतेक जण करतात. तो मला साफ चुकीचा वाटतो. इथली किंमत दोन अगदी निराळ्या गोष्टींतून तयार होते. एक म्हणजे कमालीच्या हुशारीने बांधलेला स्वयंपाक, आणि दुसरी म्हणजे तो करणाऱ्यांच्या श्रमाचे समाजाने ठरवलेले कमी मोल. पहिलीला दाद द्यायला हवी आणि दुसरीचा जाब विचारायला हवा. दोन्ही एकाच आकड्यात मिसळल्या, की यातले काहीच होत नाही.

आधी स्वयंपाक पाहू. ही भाजलेल्या मांसाची परंपरा दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातली. कँटोनी भाषेत तिला सिऊ मेई म्हणतात. हाँगकाँगमध्ये ती इतकी रुजली आहे की तिथल्या अन्न आणि स्वच्छता खात्याचा या दुकानांसाठी वेगळा परवानाच आहे. बदकाचे काम भट्टीत जाण्याच्या बरेच आधी सुरू होते. साफ केलेल्या बदकाच्या कातडीखाली हवा भरतात. त्यामुळे कातडी खालच्या चरबीपासून सुटते आणि भाजताना चरबी वितळून वाहून जायला वाट मिळते. पोटात मीठ, साखर, आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण, चक्रफूल, दालचिनी असा मसाला घालून ते सुईने बंद करतात. मग वरून उकळते पाणी ओततात, म्हणजे कातडी आकसून ताणली जाते. त्यावर माल्टोजचा पाक आणि व्हिनेगर यांचे पाणी फिरवून बदक कित्येक तास वाऱ्यावर टांगून सुकवतात. हे सुकवणे सगळ्यात महत्त्वाचे. कातडीत पाणी राहिले तर भट्टीची उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते आणि कातडी वाफवल्यासारखी मऊ राहते. ती कोरडी असेल तरच तिचे तापमान झपाट्याने चढते, साखर आणि प्रथिने यांची रासायनिक क्रिया होते आणि तो खमंग तपकिरी रंग येतो. भट्टी उभी असते आणि बदके तिच्यात लटकत भाजतात. त्यामुळे उष्णता चहूबाजूंनी लागते, चरबी खाली गळते आणि पोटातला मसालेदार रस आतून मांस शिजवतो. डुकराच्या पोटाच्या मांसाची साल कुरकुरीत करायची तर तिला बारीक टोकांनी शेकडो भोके पाडून मीठ लावून सुकवतात. चार सिऊ नावाच्या लालसर पट्ट्या बहुधा खांद्याच्या मांसाच्या असतात, कारण त्यात चरबीच्या रेषा असतात आणि मांस कोरडे पडत नाही. शेवटी त्यांच्यावर माल्टोज फिरवतात आणि कडा किंचित करपू देतात.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मेहनत प्रचंड आहे, पण ती गिऱ्हाईक येण्याच्या आधी होऊन गेलेली असते. एका भट्टीत एका वेळी बरीच बदके मावतात, आणि एक कसबी माणूस ती सगळी सांभाळतो. मग काउंटरवर उरते ते सत्तूर आणि लाकडाच्या जाड ठोकळ्याचे काम. अर्धे बदक, पाव बदक, पावशेर चार सिऊ किंवा भातावर दोन प्रकारचे मांस, जे मागाल ते क्षणात हाडासकट तोडून डब्यात पडते. मागणी आल्यावर चूल पेटवायची नाही, वेटर नाही, ताटे धुवायची नाहीत, एका गिऱ्हाइकाने तासभर जागा अडवायची नाही. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात जागेचे भाडे हा रेस्टॉरंटच्या खर्चातला मोठा भाग असतो, आणि इथे तो एका अरुंद गाळ्यात आटोपतो. किंमत खाली येते ती या बांधणीमुळे. मांसात भेसळ करावी लागत नाही.

भाजलेले मांस आणि डिमसम एकाच दुकानात का असतात, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. चार सिऊची पट्टी कापताना टोके, करपलेल्या कडा आणि वेडेवाकडे तुकडे उरतात. डब्यात ते शोभत नाहीत, पण बारीक चिरून ऑयस्टर सॉसच्या दाट रसात घातले की वाफवलेल्या पावाचे सारण तयार होते. तेच सारण खुसखुशीत पफमध्ये जाते, आणि तांदळाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळले की च्युंग फन होतो. बदकाची हाडे तांदळाच्या पेजेत उकळतात. कोंबडीचे पाय इतरत्र अनेकदा फेकले जातात. इथे ते आधी तळून, मग भिजवून, शेवटी काळ्या सोयाबीनबरोबर वाफवून विकतात, आणि जाणकार गिऱ्हाईक ते आवर्जून मागते. पांढरा मुळा किसून तांदळाच्या पिठात घातला, थोडे चिनी सॉसेज टाकून वाफवले आणि वड्या तव्यावर परतल्या की लो बाक गो, म्हणजे मुळ्याचा केक. त्यात महाग असे काहीच नाही. एका जनावराचे जवळपास सगळे भाग आणि एका भट्टीची सगळी उष्णता अनेक पदार्थांत वाटली जाते. भट्टीचा विभाग स्टीमरच्या विभागाला कच्चा माल पुरवतो. काउंटरच्या दोन बाजूंना मांडलेले हे दोन व्यवसाय मला म्हणूनच एकच व्यवसाय वाटतात.

डिमसमच्या बाजूला कसब कमी लागते असेही नाही. कोळंबीचे सारण भरलेल्या हार गावची पारी पारदर्शक असते, कारण ती गव्हाच्या पिठाची नसून गव्हाच्या सत्त्वाची असते. सत्त्व म्हणजे प्रथिने धुऊन काढल्यावर उरलेला स्टार्च. त्यात गार पाणी घातले तर गोळा होत नाही, कारण धरून ठेवणारे ग्लुटेनच नसते. म्हणून उकळते पाणी ओततात, स्टार्चचे कण फुगून चिकट होतात आणि कणीक मळता येते. उकडीचा मोदक वळणाऱ्याला हे सांगायला नको. तांदळाच्या पिठाची उकड काढताना हेच घडते, आणि पारी गरम असतानाच वळली नाही तर चिरते, हा अनुभवही तोच. कँटोनी स्वयंपाकी तेल लावलेल्या सपाट सुरीने गोळी एका फटक्यात दाबून चकती करतो आणि एका बाजूला बारीक चुण्या घालत मिटतो. चुण्या किमान सात हव्यात, दहा किंवा जास्त असल्या तर हात चांगला, अशी जुनी कसोटी आहे. पारी इतकी पातळ हवी की आतली गुलाबी कोळंबी दिसेल, आणि इतकी चिवट हवी की चिमट्यात उचलली तरी फाटणार नाही. स्वस्त दुकानात ही कसोटी नेहमी पूर्ण उतरते असे मी म्हणणार नाही. घाईच्या दुकानात पारी जाड असते, आणि काही दुकाने कारखान्यातून गोठवलेला माल आणून फक्त वाफवतात. पण जिथे माल आतच वळला जातो, तिथे गिऱ्हाईक जे घेते ते हाताने केलेले काम असते.

यावर पहिला आक्षेप असा, की डिमसम हे मुळात चहाबरोबर निवांत बसून खायचे, त्याचे डब्यातले रूप हे अस्सल नव्हे. चहाघराची परंपरा खरीच आहे. वाफाळत्या टोपल्या, चहाची किटली, वर्तमानपत्र आणि गप्पा यांची ती सकाळ म्हणजे कँटोनी समाजजीवनाचा एक कणा आहे. न्यूयॉर्कच्या डॉयर्स स्ट्रीटवरचे नॉम वा 1920 पासून तेच पुढे चालवत आले आहे. पण कसब चहाघरातच असते असे नाही. मिशेलिनचे तीन तारे मिळवलेल्या हाँगकाँगच्या लुंग किंग हीन या रेस्टॉरंटमध्ये काम केलेले माक क्वाय पुई यांनी 2009 मध्ये तिथल्याच मोंगकॉकच्या गर्दीत टिम हो वान हे वीसेक आसनांचे साधे दुकान काढले. भाजलेल्या पावात चार सिऊ भरून ते विकत, आणि वर्षभराच्या आत त्या दुकानाला मिशेलिनचा एक तारा मिळाला. 2016 मध्ये सिंगापूरच्या चायनाटाउनमधल्या चान हॉन मेंग यांच्या गाळ्याला सोया सॉसमधल्या कोंबडीसाठी तारा मिळाला, तेव्हा त्यांच्या कोंबडी-भाताची किंमत दोन सिंगापूर डॉलरच्या आसपास होती. पाच वर्षांनी तो तारा गेला. ताऱ्यांना मी फार महत्त्व देत नाही, पण ज्यांना किंमत आणि दर्जा एकमेकांना बांधलेले वाटतात, त्यांच्यासाठी हा पुरावा त्यांच्याच मापातला आहे.

स्वच्छतेचा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याचा इतिहासही मोठा उद्बोधक आहे. काचेमागे तासन्‌तास टांगलेले मांस पाहून अनेकांना धास्ती वाटते. अमेरिकेतले अन्नसुरक्षेचे नियम सांगतात, की शिजवलेले मांस एक तर चांगले गरम ठेवा किंवा फ्रिजमध्ये थंड. मधल्या तापमानात जिवाणू वाढतात. टांगलेले बदक नेमके या मधल्या पट्ट्यात असते. म्हणून कॅलिफोर्नियात आरोग्य निरीक्षक दुकानांवर कारवाई करत, बदके फेकायला लावत. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या चायनाटाउनमध्येही 1970 च्या दशकात असाच झगडा झाला. दुकानदारांची अडचण खरी होती. फ्रिजमध्ये ठेवले तर मांसातला ओलावा कातडीत शिरून ती चामट होते, आणि फार गरम ठेवले तर मांस सुकते. म्हणजे नियम पाळला तर पदार्थच उरत नाही. अखेर 1982 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने आर्ट टोरेस यांनी मांडलेला कायदा मंजूर केला. चिनी पद्धतीने भाजलेले अख्खे बदक तयार झाल्यापासून चार तासांपर्यंत साध्या तापमानात ठेवायला त्याने मुभा दिली. पण ही मुभा सरसकट नाही. पोट साफ केलेले हवे, मसाला मुरवलेला हवा, भाजण्यापूर्वी पोट बंद केलेले हवे आणि बदक किमान 350 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 177 अंश सेल्सियसवर निदान साठ मिनिटे भाजलेले हवे, अशी व्याख्याच आज राज्याच्या आरोग्य संहितेत आहे. ही व्याख्या वाचताना लक्षात येते, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयींना कायद्याने अटींची भाषा दिली आहे. मीठ, साखर, सुकलेला पृष्ठभाग, बंद पोट आणि कडक भाजणे या सगळ्यांमुळे जिवाणूंना वाढायला वाव कमी मिळतो. तांदळाच्या ताज्या नूडल्सनाही 2010 मध्ये त्या राज्याने अशीच काही तासांची सवलत दिली. चार तासांची मर्यादा मात्र खरी आहे. ती पाळणारे दुकान आणि न पाळणारे दुकान यांत फरक करायलाच हवा. गिऱ्हाइकाला तो करता येतो. जिथे खप जोरात आहे आणि आकड्यांवरची बदके दिवसातून अनेकदा बदलतात, तिथे घ्यावे. संध्याकाळी उरलेले एकटे, सुकलेल्या कातडीचे बदक घेऊ नये.

आरोग्याच्या बाबतीत चिनी जेवणातल्या मोनोसोडियम ग्लुटामेट या चव वाढवणाऱ्या क्षाराची भीती अजून गेलेली नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट हा चवीचा पदार्थ वेगळा केला. 1968 मध्ये एका डॉक्टरने अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून चिनी जेवणानंतर जाणवणाऱ्या बधिरतेबद्दल शंका विचारली, आणि तिथून एक आजारच जन्माला आला. पुढे खाणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला दोघांनाही काय दिले ते माहीत नसेल अशा चाचण्या झाल्या, तेव्हा नेहमीच्या आहारातल्या प्रमाणाला तो त्रास सातत्याने जोडता आला नाही. टोमॅटो आणि मुरवलेले चीज यांतही ग्लुटामेट असते, पण इटालियन जेवणाला कोणी त्याबद्दल दोष दिला नाही. खरी काळजी मीठ, चरबी आणि करपलेल्या कडांची करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गटात आणि लाल मांस संभाव्य गटात टाकले आहे. हे अन्न रोज तिन्ही त्रिकाळ खाण्याचे नव्हे. तसे ते ग्वांगदोंगातही नव्हते. तिथे भाताच्या ढिगावर मांसाचे थोडे तुकडे आणि बाजूला हिरवी भाजी अशीच त्याची रीत आहे.

आता किमतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळतो, कारण सगळ्यात जड आक्षेप तिथून येतो. या स्वस्ताईत कामगाराची पिळवणूक दडलेली आहे, असे म्हणणारे लोक चूक नाहीत. अमेरिकेतला चिनी स्वयंपाक मुळात कोंडीतून वाढला. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाची दारे बंद झाली आणि 1943 पर्यंत ती बंदच राहिली. व्यापाऱ्यांना मात्र येता येत असे. 1915 मध्ये न्यायालयाने रेस्टॉरंटच्या मालकांना व्यापारी मानले, आणि व्हिसा मिळावा, नातेवाइकांना आणता यावे म्हणून लोक खाणावळीत शिरले. इतिहासकार हेदर ली यांनी हे तपशिलाने दाखवले आहे. 1965 च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर हाँगकाँग आणि ग्वांगदोंगमधून पुन्हा मोठ्या संख्येने माणसे आली. त्यांच्याबरोबर भट्टी आणि स्टीमरचे हे कसबही आले. पण ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना दुसरीकडे काम मिळणे कठीण, म्हणून मजुरी खाली राहिली. न्यूयॉर्क विद्यापीठातले अभ्यासक कृष्णेंदु राय यांनी 2016 मध्ये आलेल्या ‘द एथ्निक रेस्टॉरेटर’ या पुस्तकात याच्याही पलीकडचे निरीक्षण मांडले आहे. एखाद्या पाककलेला अमेरिकन ग्राहक किती पैसे द्यायला तयार होतो, हे ती आणणाऱ्या लोकांच्या प्रतिष्ठेशी जोडलेले असते. फ्रेंच आणि जपानी जेवण महाग, चिनी, मेक्सिकन आणि भारतीय स्वस्त. पुरणपोळी लाटणे सोपे नाही हे जाणणाऱ्या मराठी माणसाने हे वाक्य नीट मनावर घ्यावे. परदेशात आपलेही जेवण त्याच तराजूत तोलले जाते. चुण्यांची पारी आणि इटालियन राव्हिओली यांत लागणारा वेळ फारसा वेगळा नाही, पण गिऱ्हाईक एकीला आनंदाने जे देते ते दुसरीला देताना कुरकुरते.

पिळवणुकीचे पुरावेही आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या चारशेहून अधिक रेस्टॉरंट-कामगारांची पाहणी 2010 मध्ये चायनीज प्रोग्रेसिव्ह असोसिएशनने प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे निम्म्या कामगारांना किमान वेतनही मिळत नसल्याचे आढळले. पण याच शहरातली दुसरी एक नोंद पाहा. 2014 मध्ये एका डिमसम रेस्टॉरंटने सुमारे 280 कामगारांना थकलेल्या वेतनापोटी चाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यायचे मान्य केले. ते रेस्टॉरंट स्वस्त नव्हते. शहरातल्या महागड्या आणि नावाजलेल्या डिमसम-घरांपैकी ते एक होते. म्हणजे जास्त पैसे मोजले की ते आचाऱ्याच्या खिशात जातात, हे गृहीत धरता येत नाही. महाग जागेत ते भाड्यात, सजावटीत आणि नफ्यातही जिरू शकतात. स्वस्त दुकानावर बहिष्कार टाकून महाग दुकानात गेल्याने मजुराचे भले होते, हा समज म्हणूनच टिकत नाही. वेतनाचे कायदे लागू करणारी यंत्रणा, कामगारांची संघटना आणि त्यांच्या भाषेत तक्रार घेणारे कार्यालय यांनी फरक पडतो. 2014 चा समझोताही कामगार एकत्र आल्यामुळे आणि सरकारी यंत्रणेने लक्ष घातल्यामुळेच झाला.

तरीही या डब्यांची किंमत थोडी वाढायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि यावरचा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात अस्वस्थ करतो. चायनाटाउनमधली हजारो माणसे, विशेषतः म्हातारी माणसे, एका खोलीच्या जुन्या लॉजसारख्या इमारतींत राहतात. खोलीत स्वयंपाकघर नसते. मजल्यावर सामाईक चूल असली तर असते. त्यांच्यासाठी स्टॉकटन स्ट्रीटवरचे दुकान हेच स्वयंपाकघर आहे. किंमत वाढवली तर पहिला फटका त्यांना बसेल. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. गरिबाला परवडावे म्हणून भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या गरिबाने मजुरी सोडावी, हा न्याय कुठला? खाडीच्या पुलापलीकडून गाडी काढून येणारे आणि ऑफिसातून जेवायला येणारे गिऱ्हाईक पाव बदकामागे एखाद-दोन डॉलर जास्त देऊ शकते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी साधन आहे. अमेरिकेतल्या सरकारी अन्न-साहाय्याच्या कार्डावर एरवी शिजवलेले गरम जेवण घेता येत नाही, पण कॅलिफोर्नियात वृद्ध, अपंग आणि बेघर लाभार्थींना ठरावीक रेस्टॉरंटमध्ये ते वापरता येते, आणि 2021 पासून ही योजना राज्यभर लागू आहे. भट्टी आणि स्टीमरची ही छोटी दुकाने अशा यादीत जास्तीत जास्त संख्येने यावीत, त्यासाठी लागणारे अर्ज चिनी भाषेत सहज मिळावेत आणि रोखीवर चालणाऱ्या काउंटरला कार्डाचे यंत्र बसवायला मदत व्हावी. असे झाले तर आजीबाईंचा चार सिऊ-भाताचा डबाही परवडेल आणि बदके सुकवणाऱ्या माणसाला पूर्ण पगारही देता येईल.